बिनकानाच्या कपाचं माप

नेस्ताबाईंचा उजवा हात मनगटात मोडला तेव्हा त्या हातात एक कप होता, आणि पुढचे आठ दिवस प्यू कुटुंबात जो काही शोक पाळला गेला तो मुख्यतः कपाचा होता.

हाताचं काय, डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांत जुळेल म्हणाले. कपाची हमी कोण देणार? दिसायला तो अगदीच गरीब होता. पांढरा, जाडसर, आणि बिनकानाचा. कान नेस्ताबाईंच्या सासूच्या हातून तुटला, त्यालाही पन्नास वर्षं होऊन गेली होती. पण प्यूंच्या घरात बारा ब्रिथ, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा वेल्श केक, व्हायचा तो याच कपाच्या मापानं. चार कप मैदा, दोन कप साखर, तीन कप मनुका, आणि त्या मनुका रात्रभर भिजायला दोन कप कडक चहा. कप म्हणजे केवढा, असं कुणी विचारलंच तर नेस्ताबाई त्याच्याकडे दयेनं बघत. कप म्हणजे कप.

आणि अठ्ठावीस जुलै बारा दिवसांवर आला होता.

दीडशे वर्षांपूर्वी अठ्ठावीस जुलैला वेल्समधून आलेलं पूर्वजांचं जहाज दूर दक्षिणेच्या या स्पॅनिशभाषी देशाच्या किनाऱ्याला लागलं. म्हणून त्या दिवशी दुपारी चुबुत खोऱ्यातल्या झाडून सगळ्या चॅपेलांमध्ये चहा असतो. गावातल्या चॅपेलच्या हॉलमध्ये चौदा टेबलं लागतात. टेबल एका घराचं, भांडीकुंडी त्या घरची, केक त्या घरचा. प्यूंचं टेबल खिडकीजवळचं. एकतीस वर्षं ते नेस्ताबाईंनी सांभाळलं होतं, आणि या एकतीस वर्षांत ते एकदाही रिकामं राहिलेलं नव्हतं.

ग्रिसेल्डा ही त्यांची सून. बाहिया ब्लांका शहरातल्या कुफारो हार्डवेअरवाल्यांची मुलगी, आजोबा सिसिलीचे. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि या सहाही चहांना तिची जागा ठरलेली होती: मागच्या स्वयंपाकघरात, मोरीपाशी. तिला कुणी मुद्दाम तिथे उभं केलं होतं असं नाही. पहिल्या वर्षी कामाला हात लावावा म्हणून ती आपण होऊन गेली, दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि तिसऱ्या वर्षी तर तिच्या मापाचा एप्रन तिथल्या खिळ्याला लटकत होता. एकदा का एप्रन खिळ्याला लागला की माणसाचं काही खरं नाही.

तर सहा वर्षांत ग्रिसेल्डानं त्या हॉलमधल्या प्रत्येक बशीची पाठ वाचली होती. चौदा घरांच्या बशा एकाच मोरीत येणार, म्हणजे अदलाबदल व्हायचीच. म्हणून प्रत्येक बशीखाली चिकटपट्टी असते, आणि पट्टीवर टेबल सांभाळणाऱ्या बाईचं नाव. आडनाव नाही, नाव. नेस्ता. आरियानवेन. एलुनेद. एका बशीखाली तर बारा वर्षांपूर्वी वारलेल्या बाईंचंही नाव होतं, ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. ग्रिसेल्डा असं मात्र कुठल्याच बशीखाली नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटायचं. पण बशीखाली आपलं नाव नाही म्हणून वाईट वाटतं, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं? म्हणून तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

जेवणाच्या टेबलावर नेस्ताबाई प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, "या वर्षी टेबल रिकामं."

"मी करते," ग्रिसेल्डा म्हणाली.

मिल्टनचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, काटा हवेतच थांबला. त्यांची दहा महिन्यांची लेक माइर चमच्यानं टेबल बडवत होती, तीही थांबली.

"तू?" नेस्ताबाई म्हणाल्या.

प्रश्न एका अक्षराचा होता, पण त्यात सहा वर्षं मावली होती.

"मी," ग्रिसेल्डा म्हणाली. उत्तरही तेवढंच दिलं, याचा तिला पुढे कित्येक दिवस अभिमान वाटला.

पहिलं काम कप जोडण्याचं. मिल्टन वीज सहकारी संस्थेत मीटर खात्यात होता. ज्याला आकडा आहे अशी कुठलीही गोष्ट त्याला प्रिय. त्यानं दोन संध्याकाळी खपून, चिमट्यानं तुकडे धरून, कप चिकटवला. एक तुकडा मात्र सापडेना. नखाएवढा. सगळ्यांनी हळूहळू माइरकडे बघितलं. पुढचे दोन दिवस ग्रिसेल्डानं माइरच्या लंगोटांची जी कसून तपासणी केली, तशी देशाच्या सीमेवरही होत नसेल. तुकडा निघाला नाही. माइर या सगळ्या लक्षानं फार खूश होती.

म्हणजे कपाला बुडाशेजारी भोक राहिलं. मैदा भरला की बारीक धार लागायची, चहा भरला की जाडी. मिल्टननं चौकटीच्या कागदावर गणित मांडून जाहीर केलं, "आई, भोक बुजवलेलं धरलं तर कप एकशे त्र्याऐंशी मिलिलिटरचा आहे."

"कपात मिलिलिटर नसतात," नेस्ताबाई म्हणाल्या.

विषय संपला. ग्रिसेल्डानं भोकावर अंगठा दाबून मोजायचं ठरवलं.

शेजारच्या सुलेमाला हे सगळं बघून फार करमणूक वाटत होती. सुलेमा म्हणजे पन्नाशीची, ऐसपैस, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात तुंबा अशी दिवसभर या घरातून त्या घरात जाणारी बाई. तुंब्यात येर्बाचा हिरवा पाला, त्यावर पाणी, आणि नळीनं ओढायचं. ती ज्या स्वयंपाकघरात बसेल तिथे तासाभरात त्या पाल्याचा वास भिंतींना लागायचा. प्यूंच्या स्वयंपाकघरात ती रोज बसायची.

"चहा!" सुलेमा म्हणायची. "चहा काय पितात, ग? पोट बिघडलं की चहा. आणि हे लोक एवढे धडधाकट, जहाजातनं आलेले, आणि त्यांना वर्षाचा सण चहाचा!"

"केक आहे, सुलेमा. चहा फक्त मनुकांना."

"मग मनुकांचं पोट बिघडलंय." तिनं नळीतून आवाज काढून तुंबा संपवला. "मी सांगते ते ऐक. चमचाभर डुकराची चरबी घाल. आणि संत्र्याची साल. माझ्या मावशीनं घातली होती."

"बारा ब्रिथमध्ये?"

"नाही, मटणात. पण घातली होती."

पुढची अडचण ओव्हनची. प्यूंच्या ओव्हनला आकडे नव्हते, म्हणजे कधीकाळी होते ते घासून गेले होते. नेस्ताबाईंची रीत अशी, की डावा हात ओव्हनच्या तोंडात धरायचा आणि वेल्शमध्ये मोजायचं. पंधरापाशी हात बाहेर काढावासा वाटला, की ओव्हन तयार. ग्रिसेल्डाला वेल्शमध्ये दहापर्यंतच येत होतं, तेही पाळणाघराच्या भिंतीवरच्या बदकांमुळे. दहाच्या पुढे बदकं नव्हती. तिनं पुढचे पाच आकडे स्पॅनिशमध्ये मोजले, आणि हात भाजत असताना स्पॅनिशमध्ये माणूस फार भराभर मोजतो.

पहिला केक वरून कोळसा आणि आतून खळ असा निघाला. नेस्ताबाईंनी तो बघितला, बोटानं ठोकला, आणि त्या खोलीत निघून गेल्या. मिल्टननं तो गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून लावला. जुलैचं, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यातलं वारं होतं, तेव्हा खोऱ्यात पत्रे उडत होते. ते दार तीन दिवस हललं नाही.

ओव्हनचं ग्रिसेल्डानं मनावर घेतलं. भाजलेल्या बोटांवर लोणी चोळत ती नेस्ताबाईंच्या दारात उभी राहिली आणि स्पॅनिश रीतीनं मानाची हाक मारून म्हणाली, "दोन्या नेस्ता, अकराच्या पुढचं शिकवा." नेस्ताबाईंनी आधी तिच्या बोटांकडे बघितलं. मग माइरला मांडीवर घेऊन त्यांनी दोघींना मिळून अकरा ते पंधरा शिकवलं. माइरनं 'ब' एवढं आत्मसात केलं. सहा वर्षांत सासूच्या खोलीत ग्रिसेल्डा इतका वेळ कधी बसली नव्हती.

पण पहिल्या केकमध्ये घरातला सगळा चहा संपला होता. ग्रिसेल्डानं मिल्टनला फोनवर सांगितलं, "येताना चहाच्या दोरीवाल्या पुड्या आण आणि त्या हिरव्या डब्यात भरून ठेव." मिल्टननं येताना दुकानातून एक खोकं उचललं, पुड्या काढून हिरव्या डब्यात एका ओळीत लावल्या, आणि रिकामं खोकं फ्यूज ठेवायला गॅरेजमध्ये नेलं. नवऱ्यानं सांगितलेलं काम सांगितल्या दिवशी केलं, या आनंदात ग्रिसेल्डानं दुसरा कसलाही विचार केला नाही.

इथे चॅपेलच्या चहा समितीबद्दल सांगायला हवं. समितीच्या अध्यक्ष मिस आरियानवेन. वय ब्याऐंशी, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि गावातल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला त्यांनी कान धरून पाढे शिकवलेले. दरवर्षी तीन वाजता हॉलचं दार उघडण्याआधी त्या चौदाही टेबलांवरून फिरत, प्रत्येक केकचा कोपरा चिमटीनं तोडून तोंडात टाकत, आणि एकच शब्द बोलत: "सुका." नेस्ताबाईंना त्यांनी एकतीस वर्षांत एकोणतीस वेळा 'सुका' म्हटलं होतं. दोन वेळा त्या काहीच बोलल्या नव्हत्या. ती दोन वर्षं घरात कुणालाही पाठ होती.

त्या वर्षी नगरपालिकेच्या अन्न खात्यानं एक सूचना काढली. सार्वजनिक ठिकाणी जो कुणी खाण्याचा पदार्थ ठेवील त्यानं दोन तासांचा वर्ग करून कार्ड घ्यावं, आणि पदार्थाचं शपथपत्र भरून द्यावं. मिस आरियानवेननी समितीत ती सूचना मोठ्यानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "त्या जहाजावर कुणाकडे कार्ड होतं?"

सगळ्या हसल्या. ती सूचना एलुनेदबाईंनी केकच्या डब्याच्या तळाशी अंथरली.

ग्रिसेल्डा हसली नाही. ज्याची जागा पक्की असते त्याला नियम हसण्यावारी नेता येतो. जो अजून दारात उभा आहे त्यानं सगळे कागद बरोबर ठेवावेत, हे हार्डवेअरवाल्याच्या मुलीला कुणी शिकवायला नको होतं. माइरला पाठीशी बांधून ती वर्गाला गेली. वर्गात एकंदर सहा जण होते: चार सॉसेजच्या गाड्यांवाले, एक मासेवाला आणि चॅपेलतर्फे ती एकटी. हात धुण्याच्या प्रात्यक्षिकात तिचा पहिला नंबर आला. तिनं ते कार्ड फ्रिजवर चुंबकानं लावलं. मिल्टन दोनदा वाचून म्हणाला, "फोटो चांगला आलाय."

सव्वीसच्या संध्याकाळी तिनं हिरव्या डब्यातल्या पुड्यांचा दोन कप कडक चहा केला, मनुका भिजवल्या, आणि सत्तावीसच्या सकाळी केक ओव्हनमध्ये घातला. सुलेमा नेहमीप्रमाणे तुंबा घेऊन बसली होती. स्वयंपाकघर नेहमीप्रमाणे येर्बानं दरवळत होतं.

"मनुका जरा हिरवट नाही दिसत?" ग्रिसेल्डानं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचा तो काटकसरी दिवा," सुलेमा म्हणाली. "त्याच्याखाली मीसुद्धा हिरवी दिसते." मग तिनं नाक उचलून हुंगलं. "पण काही म्हण हं पोरी, या घरात पहिल्यांदा खाण्यासारखा वास येतोय."

आणि केक झाला! काय सांगावं. काळाभोर, वर फुगून मधोमध तडकलेला, मध लावल्यावर असा चमकायला लागला की माइरनं त्याला हात जोडले. म्हणजे तिला टाळी वाजवायची होती, पण दोन्ही हातांना मध होता. ग्रिसेल्डानं तो चारी बाजूंनी बघितला. मग खाली बसून बघितला. आपण केलेल्या गोष्टीकडे असं टक लावून बघायची वेळ तिच्यावर याआधी एकदाच आली होती, आणि तेव्हा ती गोष्ट दुपट्यात होती.

त्याच तंद्रीत ती शपथपत्र भरायला नगरपालिकेत गेली. खिडकीमागे सेन्योर कुरिन्याओ होते. अन्न खातं म्हणजे तेच, निरीक्षकही तेच आणि शिक्काही त्यांच्याच खणात. सभ्य, हळू बोलणारा माणूस. त्यांनी कागद वाचला, पेन्सिलीनं एका ओळीवर टेकवलं.

"सेन्योरा, इथे चहाचा मार्का, तुकडी क्रमांक आणि अंतिम तारीख राहिलीय."

"चहा हो. साधा चहा."

"साध्याचीही तारीख असते. मी एक वाजेपर्यंत आहे."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ग्रिसेल्डानं माइरची गाडी वळवली आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात डोकं खाली घालून घर गाठलं. खोकं कुठेय? गॅरेजमध्ये. जेवायला घरी आलेल्या मिल्टननं फ्यूज बाजूला ओतून खोकं तिच्या हातात दिलं. ग्रिसेल्डानं तारीख वाचली. तुकडी क्रमांक वाचला. मग खोक्याची पुढची बाजू वाचली.

त्यावर येर्बाचं पान होतं.

"मिल्टन," ती म्हणाली, "हा चहा नाही."

"पुड्या आहेत," मिल्टन म्हणाला. "दोऱ्या आहेत. दोरीच्या टोकाला तेच चित्र आहे."

"ही येर्बा आहे!"

कंपनी एकच, चित्र एकच, पुड्या सारख्या. सकाळच्या घाईत अर्धा देश अशा येर्बाच्या पुड्या दुधात बुडवून पितो. पण अर्ध्या देशानं त्यात बारा ब्रिथच्या मनुका भिजवल्या नव्हत्या. दारातून सुलेमाचा आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं? खाण्यासारखा वास येतोय!"

नवा केक करायचा तर मनुका रात्रभर भिजायला हव्यात, आणि मनुका संपल्या होत्या, आणि दुकानं दुपारी बंद झाली होती, ती थेट सण झाल्यावर उघडणार होती. मिल्टननं घसा साफ केला. "तू तिथे चहा असं लिही. कुणाला कळणार आहे?"

"शपथपत्र आहे ते."

"दोन ओळींचं तर आहे."

ग्रिसेल्डानं माइरला कडेवर घेतलं. रागावली की तिला काहीतरी कडेवर लागायचं. "खोट्या कागदावर सही करून ते टेबल मिळवायचं असतं," ती म्हणाली, "तर सहा वर्षं बशा कशाला घासल्या असत्या?"

मिल्टनला यातलं टेबल समजलं, बशा समजल्या नाहीत. पण बायकोचा चेहरा बघून त्यानं गाडीची किल्ली उचलली.

एकला चार मिनिटं असताना ग्रिसेल्डानं रिकाम्या जागेत 'येर्बा' असं लिहिलं आणि सही केली. सेन्योर कुरिन्याओंनी ते वाचलं. मग वर बघितलं. मग पुन्हा वाचलं.

"चॅपेलच्या चहासाठी?"

"हो."

त्यांनी शिक्का मारला, हलकेच, जखमेवर पट्टी लावावी तसा. "शपथपत्राची ही चिठ्ठी पदार्थावर दर्शनी भागी लावायची. दर्शनी म्हणजे, उभ्या माणसाला न वाकता वाचता येईल अशी."

घरी येऊन तिनं नेस्ताबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. ऐकून घेतलं.

"येर्बा," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तू तसं लिहिलंस. सहीनिशी."

"हो."

"आरियानवेनला माहीत आहे?"

"नाही."

"होईल," नेस्ताबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पॉप्लरच्या उघड्या फांद्यांकडे बघत राहिल्या. यावरून कुणी काय समजावं?

अठ्ठाविसाच्या सकाळी त्यांनी कात्री मागून घेतली, खोलीचं दार लावलं आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. प्लास्टरचा धागा कापत असतील, असं ग्रिसेल्डाला वाटलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या काखेत मोठी निळी ताटली होती. प्यूंच्या केकची ताटली. इतकी वर्षं ती त्यांनी दुसऱ्या कुणाला कपाटातून काढू दिली नव्हती.

"धर," त्या म्हणाल्या. "आणि उलटीसुलटी करू नकोस. जुनी आहे."

त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना शाई लागली होती. ग्रिसेल्डाला ती दिसली, पण माइरनं त्याच वेळी बुटाची नाडी गिळायला घेतली आणि शाई राहून गेली.

अडीच वाजता हॉलमध्ये किटल्या चढल्या होत्या. चौदा टेबलं, चौदा पांढरे टेबलक्लॉथ, तेरा रीतसर बारा ब्रिथ आणि एक ग्रिसेल्डाचा. सगळ्या हॉलमध्ये चिठ्ठी असलेला केक तो एकच होता, कारण सगळ्या हॉलमध्ये नगरपालिकेत जाऊन आलेली बाई ती एकटीच होती. खरेपणाचा हा मोठा तोटा आहे, की तो लांबून वाचता येतो.

मिस आरियानवेन काठी टेकत खिडकीच्या टेबलापाशी आल्या. त्यांना वाकावं लागलं नाही.

"येर्बा?" त्या म्हणाल्या.

तेरा टेबलांवरची कुजबुज थांबली.

"चुकून झालं, मिस आरियानवेन. पण झालंय खरं."

"चूक मला समजते. चूक लिहून आणून टेबलावर मांडायची, हे मला समजत नाही." त्यांनी काठीनं मागच्या दाराकडे दाखवलं. "हा इथे राहणार नाही. नेस्ता, मला वाईट वाटतं."

"तुला वाटत नाही," नेस्ताबाई म्हणाल्या. त्या तशाच बसून राहिल्या, प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून.

ग्रिसेल्डा ताटली उचलून मागे गेली. केक मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. खिळ्यावरचा एप्रन काढला आणि बांधला. रडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. एकतर माइर बघत होती, आणि दुसरं म्हणजे केक दिसत होताच इतका देखणा, की त्याच्यासमोर रडणं बरं दिसलं नसतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना बाहेर ओळ पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. सेन्योर कुरिन्याओंनी ती हकिगत फक्त आपल्या बायकोला सांगितली होती, आणि तेवढ्यानं पुरलं होतं. ओळीत सगळ्यात पुढे सुलेमा होती, थर्माससकट. आयुष्यात पहिल्यांदा ती चहाला आली होती. आणि तिच्या बाजूनं, "माफ करा, माफ करा" म्हणत, फाइल छातीशी धरून खुद्द सेन्योर कुरिन्याओ आत आले.

"शुभ दुपार. शपथपत्रं बघायची होती."

एलुनेदबाईंनी हळूच केकचा डबा पायानं टेबलाखाली सरकवला.

"अनिबाल," मिस आरियानवेन म्हणाल्या, "त्या जहाजावर..."

सेन्योर कुरिन्याओंचे कान लाल झाले. चौथीच्या वर्गातले ते कान होते. पण ते मागे हटले नाहीत. "मिस, ते जहाज नगरपालिकेच्या हद्दीत नव्हतं." त्यांनी फाइल उघडली. "नियम असा आहे. एकही शपथपत्र नसेल तर दार उघडता येत नाही. निदान एक जरी पदार्थासह दर्शनी लावलेलं असेल, तर बाकीच्यांना बहात्तर तासांची मुदत देता येते." त्यांनी चौदा टेबलांवर नजर फिरवली आणि अगदी विनवणीच्या सुरात विचारलं, "एक तरी?"

"एक आहे," खिडकीजवळून नेस्ताबाई म्हणाल्या.

सगळ्या हॉलनं मागच्या दाराकडे बघितलं. बाहेर सुलेमानं थर्मासनं दार वाजवायला सुरुवात केली.

मिस आरियानवेन उभ्या होत्या तिथून मोरीपर्यंत बेचाळीस पावलं आहेत. ती त्यांनी काठी टेकत टेकत एकटीनं चालली. ग्रिसेल्डा हात पुसत बाजूला झाली. मिस आरियानवेननी काठी तिच्या हातात दिली, निळी ताटली दोन्ही हातांनी उचलली, आणि तीच बेचाळीस पावलं परत चालून केक खिडकीच्या टेबलावर मधोमध ठेवला. चिठ्ठी पुढे. मग ती थोडी वाकडी वाटली म्हणून सरळ केली.

"नमुना घ्यावा लागेल," सेन्योर कुरिन्याओ म्हणाले.

ग्रिसेल्डानं एक काप दिला. त्यांनी तो सगळा खाल्ला. "ही मूळ प्रत," ते म्हणाले. "दुसरी प्रत घ्यावी लागते." दुसरीही त्यांनी खाल्ली, जरा सावकाश. तिसरी प्रत त्यांनी कागदात गुंडाळून फाइलमध्ये ठेवली. ती दप्तरी दाखल झाली नसावी, कारण त्या रात्री त्यांची बायको मिल्टनच्या आत्तेबहिणीला कृती विचारत होती.

आता मिस आरियानवेननी हात पुढे केला. चिमटीनं कोपरा तोडला. तोंडात टाकला. बाकीच्या टेबलांवरच्या बायकांचे ओठ आपोआप 'सु' म्हणायच्या तयारीत होते. मिस आरियानवेन चावत राहिल्या. मग त्यांनी दुसरा कोपरा तोडला.

"सुका नाही," त्या म्हणाल्या.

दोन शब्द. समितीच्या इतिहासात प्रथमच.

दार उघडलं. आधी थर्मास आला, मग सुलेमा. "कुठेय माझा केक? पोरीला मीच सांगितलं होतं, चहाचा नाद सोड म्हणून!" असं ती प्रत्येक टेबलाला सांगत गेली. खिडकीच्या टेबलाभोवती अशी गर्दी झाली की मिल्टनला मध्ये उभं राहून नंबर लावावे लागले, आणि नंबर लावायला मिळाल्यानं त्याचा दिवस कारणी लागला. चार वाजता बाकीच्या तेरा टेबलांवर केक शिल्लक होता. प्यूंच्या टेबलावर फक्त चिठ्ठी.

पाच वाजता ग्रिसेल्डा मोरीपाशी होती. तिला कुणी पाठवलं नव्हतं. उलट एलुनेदबाई म्हणाल्या होत्या, "बस ग, आज आम्ही करतो." पण सवय होती, आणि पायाशी माइर डाव घेऊन बसली होती, आणि एवढा आनंद घेऊन नुसतं बसून राहणं तिला जमेना.

सगळ्यात शेवटी निळी ताटली आली. ग्रिसेल्डानं ती साबणाच्या पाण्यात धरली, आणि सकाळचं सांगणं विसरून उलटी केली.

पाठीवरची जुनी पट्टी गेली होती. तिथे नवी, रुंद, पांढरी पट्टी होती, प्लास्टरच्या कडांना लावतात तसली. कात्रीनं वेडीवाकडी कापलेली. त्यावर डाव्या हातानं काढलेली, एक वर एक खाली अशी अक्षरं होती: ग्रिसेल्डा.

शाई केव्हाच वाळलेली होती. सकाळची. कुणी चव घ्यायच्या आधीची. मिस आरियानवेननी काठी दाखवली, केक बेचाळीस पावलं मागे आला, तेव्हाही हे नाव त्याच्याखाली होतं.

"पाणी फार कढत घेऊ नकोस," मागून आवाज आला. नेस्ताबाई दारात उभ्या होत्या. "पट्टी सुटते."

ग्रिसेल्डा ताटली घेऊन तशीच उभी राहिली. कोपरापासून फेस गळत होता.

नेस्ताबाईंनी डाव्या हातानं माइरला उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बोटांवरची सकाळची शाई अजून गेली नव्हती.

"पुढच्या वर्षीही हीच चूक कर," त्या म्हणाल्या. "पण माप लिहून ठेव. मिलिलिटरमध्ये लिहिलंस तरी चालेल."

त्या गेल्यावर ग्रिसेल्डानं ताटली सुलटी केली आणि फडकं घेतलं. ती ताटली त्या दिवशी एकाच बाजूनं धुतली गेली.